ऑटोमेशनचे बेसिक्स: तार तुटली तर मशीन काय करेल?

लूपकर
मंडळी, पीएलसी (मशीन चालवणारा, प्रोग्राम बदलता येणारा कंट्रोलर) म्हणजे काय, पीआयडी (चूक बघून आउटपुट ठरवायची पद्धत) ट्यून कसं करायचं, रोबोटिक्सकडे वळायचं तर आधी काय यायला हवं, असे प्रश्न इथे सुटे सुटे येत राहतात आणि उत्तरंही तशीच विखुरली जातात, म्हणून एकच धागा काढतोय. मी पॅनल आणि कमिशनिंगच्या (नवी मशीन तपासून चालू करून द्यायच्या) कामातला माणूस आहे, त्यामुळे व्याख्या कमी आणि मशीनसमोर उभं राहिल्यावर जे लागतं ते जास्त लिहीन.

सांगाडा सगळीकडे एकच. सेन्सरने मोजायचं, कंट्रोलरने ठरवायचं, मोटर, व्हॉल्व्ह, सिलिंडर किंवा हीटरने ते करायचं, आणि केलेल्याचा परिणाम परत सेन्सरने बघायचा. शेवटची पायरी असली की क्लोज्ड लूप, नसली की ओपन लूप. टायमर लावून हीटर ठराविक वेळ चालू ठेवला तर ओपन लूप, तापमान बघून कमीजास्त केला तर क्लोज्ड. बास, एवढंच.

आता मला खरं जे सांगायचंय ते. सगळं नीट चालू असताना मशीन काय करतं हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडतं. कुठलंही सर्किट किंवा प्रोग्राम हातात आला की मी आधी विचारतो, ही तार तुटली तर काय होईल? हवेचं प्रेशर गेलं तर? लाइट गेली आणि परत आली तर? हा प्रश्न धरून बसलात ना, तर कंट्रोलमधल्या बऱ्याचशा पद्धती अशा का आहेत ते आपोआप कळत जातं, पाठ करावं लागत नाही.

सगळ्यात साधं उदाहरण मोटरचं स्टार्ट-स्टॉप सर्किट. स्टार्टचं बटण एनओ (नॉर्मली ओपन, दाबलं की सर्किट जोडणारं) आणि स्टॉपचं एनसी (नॉर्मली क्लोज्ड, दाबलं की सर्किट तोडणारं). का? कारण स्टॉपची तार सैल झाली, उंदराने कुरतडली, टर्मिनलमधून निसटली, काहीही झालं तरी सर्किट उघडतं आणि मोटर थांबते. स्टॉप एनओ लावला असता तर तार तुटल्याचं कुणालाच कळलं नसतं, आणि ते कळलं असतं नेमकं ज्या क्षणी कुणीतरी जिवाच्या आकांताने स्टॉप दाबतंय तेव्हा. आणि स्टार्टच्या समांतर कॉन्टॅक्टरचा (मोटरला वीज जोडणारा, कॉइलवर चालणारा मोठा स्विच) स्वतःचाच एक एनओ कॉन्टॅक्ट लावतात, होल्डिंग म्हणतात त्याला, त्यामुळे बोट काढलं तरी मोटर चालू राहते आणि लाइट जाऊन आली तर आपली आपण सुरू होत नाही. दोन बटणं आणि एक कॉन्टॅक्ट, पण केवढा विचार आहे बघा त्यात.

नवी_इंजिनिअर
दादा, छान धागा. मी आत्ताच ट्रेनी म्हणून लागलेय आणि याच स्टॉप बटणावर अडकलेय. पॅनलमध्ये स्टॉप एनसी आहे, पण लॅडरमध्ये (पीएलसीच्या शिडीसारख्या दिसणाऱ्या प्रोग्राममध्ये) सिनियरनी तिथे एनओ कॉन्टॅक्ट टाकलाय. मी एनसी टाकून बघितला तर मोटर सुरूच होईना. असं का?

लूपकर
हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि पडायलाच हवा. लॅडरमधलं चिन्ह बटणाचं चित्र नसतं, ते पीएलसीच्या मेमरीतल्या एका बिटाला विचारलेला प्रश्न असतो. एनओचं चिन्ह विचारतं ‘हा बिट १ आहे का?’ आणि एनसीचं चिन्ह विचारतं ‘हा बिट ० आहे का?’ आता तुमचं स्टॉप बटण एनसी आहे, म्हणजे कुणी दाबलेलं नसताना त्यातून २४ व्होल्ट इनपुटपर्यंत पोचतायत आणि बिट १ आहे. मोटर चालायची परवानगी बिट १ असताना हवी, म्हणून लॅडरमध्ये एनओ. बटण दाबलं किंवा तार तुटली की बिट ० आणि रंग (rung, लॅडरची एक ओळ) तिथेच खंडित. तुम्ही एनसी टाकलात म्हणजे ‘कुणी स्टॉप दाबून धरला असेल तरच मोटर चालव’ असं लिहिलंत, म्हणून सुरू होईना.

हे चिन्हांचं प्रकरण असं का झालं त्यालाही इतिहास आहे. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला दरवर्षी मॉडेल बदललं की रिलेची (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचची) पॅनलं उपसून नव्याने वायरिंग करायचा कंटाळा आला होता, त्यांनी प्रोग्राम बदलता येईल असा कंट्रोलर मागितला, आणि डिक मोर्ली यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने मॉडिकॉन ०८४ बनवला. इलेक्ट्रिशियन लोकांना रिलेचे ड्रॉइंग वाचता यायचे, म्हणून भाषाही तशीच दिसणारी ठेवली. ते फार शहाणपणाचं होतं असं माझं मत आहे, रात्रपाळीला मशीन बंद पडतं तेव्हा लॅडरवर करंट कुठपर्यंत पोचलाय ते डोळ्याने दिसतं, तेवढं पटकन दुसऱ्या कुठल्याच भाषेत दिसत नाही.

कोडलेखक
मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून विचारतो. एवढं सगळं करण्यापेक्षा एखाद्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर सरळ सी मध्ये कोड लिहिला तर काय बिघडलं? आणि लॅडरमध्ये एकच आउटपुट दोन ठिकाणी लिहिलं तर एरर यायला हवी ना, मी सिम्युलेटरवर केलं तर काहीच बोललं नाही, पण एक रंग काही केल्या चालेना.

पॅनलवाला
दुसऱ्याचं उत्तर मी देतो. पीएलसी स्कॅनमध्ये चालतो. आधी सगळे इनपुट वाचून एका कोष्टकात ठेवतो, मग प्रोग्राम वरपासून खालपर्यंत सोडवतो, मग आउटपुटचं कोष्टक एकदम बाहेर लिहितो, आणि परत पहिल्यापासून. तुम्ही वरच्या रंगमध्ये आउटपुट १ केलं आणि खालच्या रंगने त्याच स्कॅनमध्ये ० केलं, तर बाहेर फक्त शेवटचं जातं. डबल कॉइल म्हणतात याला. काही सॉफ्टवेअर वॉर्निंग देतात, काही देत नाहीत. एका आउटपुटला एकच कॉइल आणि त्याच्या सगळ्या अटी त्याच्या आधी, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

स्कॅनचा अजून एक परिणाम. स्कॅन समजा १० मिलिसेकंदाचा आहे आणि एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) एका फेऱ्याला १००० पल्सचा, मोटर १५०० आरपीएमने फिरतेय. सेकंदाला २५ फेरे म्हणजे २५,००० पल्स, म्हणजे दर ४० मायक्रोसेकंदाला एक. साध्या इनपुटवर यातलं जवळपास सगळं हुकणार. म्हणून हायस्पीड काउंटर वेगळा असतो, तो स्कॅनची वाट न बघता हार्डवेअरमध्ये मोजतो.

लूपकर
पॅनलवाले, एकदम बरोबर. कोडलेखक, पहिल्या प्रश्नाबद्दल. मायक्रोकंट्रोलरने लॉजिक नक्कीच होईल, पीएलसीच्या आतही प्रोसेसरच आहे. फरक भोवतालच्या गोष्टींचा. इनपुट आयसोलेटेड असतात, म्हणजे बाहेरची वायरिंग आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला थेट जोडलेली नसते, शेजारी कॉन्टॅक्टर खाडकन पडला आणि त्याच्या कॉइलने व्होल्टेजचा झटका दिला तरी पीएलसी हलत नाही. वॉचडॉग असतो, ठरलेल्या वेळेत स्कॅन पूर्ण झाला नाही तर सीपीयू स्वतःच स्टॉपमध्ये जातो आणि आउटपुट आधी ठरवलेल्या अवस्थेत जातात, बहुतेक वेळा ऑफ. म्हणजे परत तोच प्रश्न, मेंदूच बंद पडला तर हातपाय काय करतील? शिवाय मशीन चालू असताना प्रोग्राम ऑनलाइन बघता येतो आणि दहा वर्षांनी आलेल्या माणसाला तो वाचता येतो. तुमचा सी चा कोड तुम्ही गेल्यावर कोण उघडणार? भाषेचंच म्हणाल तर आयईसी ६११३१-३ या स्टँडर्डमध्ये लॅडरबरोबर स्ट्रक्चर्ड टेक्स्टही आहे, तो तुम्हाला दोन दिवसांत जमेल. गणित, अ‍ॅरे, रेसिपी असलं काही असेल तर मीही त्यातच लिहितो, इंटरलॉक (अमुक अट पुरी असल्याशिवाय मशीन चालू न देणारं लॉजिक) मात्र लॅडरमध्ये.

बॉयलर_रूम
इंटरलॉकचा विषय निघालाच आहे तर प्रोसेसवाल्यांच्या बाजूने थोडं. आमच्याकडे जिकडे तिकडे ४ ते २० मिलिअँप. नवीन मुलं विचारतात ४ पासूनच का, ० पासून का नाही. ० ते १० बारचा प्रेशर ट्रान्समीटर घ्या, ४ मिलिअँप म्हणजे ० बार, १२ म्हणजे ५ बार, २० म्हणजे १० बार. प्रेशर खरंच शून्य असेल तर ४ येणार, आणि तार तुटली तर ०. ० ते २० ठेवलं असतं तर रिकामी लाइन आणि तुटलेली तार सारखीच दिसली असती, आणि कंट्रोलरला वाटलं असतं प्रेशर नाहीये, वाढव अजून! बॉयलरवर याचा अर्थ काय ते सांगायला नको. नामूर या प्रोसेस उद्योगातल्या संघटनेची एनई ४३ म्हणून शिफारस आहे, त्यात ३.८ ते २०.५ हा मोजमापाचा पट्टा आणि ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलं की ट्रान्समीटर स्वतःच ‘मी बिघडलोय’ असं सांगतोय असं धरायचं. शिवाय त्या खालच्या करंटवरच दोन तारांचा ट्रान्समीटर स्वतः चालतो, वेगळी सप्लाय नको. आणि करंट असल्यामुळे लांब तारेच्या रेझिस्टन्सने आकडा बदलत नाही, व्होल्टेज सिग्नलला तो त्रास असतो.

व्हॉल्व्हचंही तसंच. स्प्रिंग कुठल्या बाजूला ढकलते ते ऑर्डर देतानाच ठरवावं लागतं. इंधनाचा व्हॉल्व्ह हवा गेली की बंद व्हायला हवा, रिअ‍ॅक्टरच्या कूलिंग वॉटरचा हवा गेली की पूर्ण उघडायला हवा. हे प्रोग्राममधून नंतर दुरुस्त करता येत नाही, कारण हवा गेलेली असताना तुमचा प्रोग्राम कितीही हुशार असला तरी व्हॉल्व्ह त्याचं ऐकणारच नाहीये.

नवी_इंजिनिअर
हे कुणी असं सांगितलंच नव्हतं, कॉलेजात फक्त ‘लाइव्ह झिरो’ एवढं लिहून दिलेलं. आता कुणीतरी पीआयडी पण सांगा ना. सूत्र येतं मला, पण पी, आय आणि डी नक्की काय करतात ते डोळ्यासमोर येत नाही.

लूपकर
एक भट्टी घ्या, सेटपॉइंट, म्हणजे हवं असलेलं तापमान, २०० डिग्री. समजा २०० ला टिकवायला हीटर ४० टक्के लागतो, कारण तेवढी उष्णता भिंतींतून बाहेर जातेय. फक्त पी लावला, गेन ४, म्हणजे दर डिग्री चुकीला ४ टक्के पॉवर. आता तापमान बरोबर २०० ला आलं तर चूक शून्य, शून्य गुणिले चार शून्य, हीटर बंद! मग तापमान घसरणार. कुठे थांबणार? जिथे चूक गुणिले चार बरोबर चाळीस होतं तिथे, म्हणजे १० डिग्री खाली, १९० च्या आसपास. हा ऑफसेट. गेन ८ केला तर ५ डिग्रीवर येईल, अजून वाढवला तर अजून कमी होईल पण एका टप्प्यानंतर तापमान वरखाली हेलकावे खायला लागतं. म्हणजे नुसत्या पीने ऑफसेट पूर्ण जाणार नाही.

आय काय करतो, तर चूक किती वेळ टिकलीय त्याची बेरीज करत राहतो. १० डिग्रीची चूक रेंगाळली तर ही बेरीज हळूहळू चढते आणि ते ४० टक्के आय स्वतःकडे घेतो, मग चूक शून्य झाली तरी आउटपुट ४० वर राहतं. पण यात एक खोच आहे. भट्टी थंड असताना चालू केली, हीटर १०० टक्क्यांवर, त्याहून जास्त देताच येत नाही, तरी बेरीज चालूच आहे. २०० आलं तरी साठलेली बेरीज उतरायला वेळ लागतो आणि तापमान पार पुढे निघून जातं. वाइंडअप म्हणतात. म्हणून आउटपुट मर्यादेला टेकलं की बेरीज थांबवायची सोय कंट्रोलरमध्ये असते, ती चालू आहे ना ते बघा, स्वतःचा पीआयडी लिहिणारे लोक हेच विसरतात.

डी बघतो बदलाचा वेग. तापमान झपाट्याने सेटपॉइंटकडे येतंय म्हटल्यावर आधीच ब्रेक लावतो. फायदा आहे, पण सिग्नलमध्ये जरा नॉइज असेल तर डी त्या प्रत्येक थरथरीला उत्तर देत बसतो आणि व्हॉल्व्ह नाचवतो. फ्लो लूपला डी मी लावत नाही, तापमानाला लावतो, तोही फिल्टर करून.

निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसाठी हे गणित मांडलं, सुकाणूवरचा अनुभवी माणूस कसा वागतो ते बघून. तो आत्ता किती भरकटलोय ते बघतो, बराच वेळ एकाच बाजूला सरकतोय का ते बघतो, आणि जहाज किती जोरात वळतंय तेही बघतो. हे तीन म्हणजेच पी, आय, डी.

बॉयलर_रूम
डेड टाइम राहिला, म्हणजे आउटपुट बदलल्यावर सेन्सरला काहीच न दिसण्याचा काळ. खरा त्रास तिथेच. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ फिरवला आणि पाणी पोचायला वेळ लागतोय म्हणून अजून फिरवला की थोड्या वेळाने चटका बसतो ना, लूप हेलकावे खातो तो अगदी तसाच. सेन्सर हीटरपासून लांब पाइपमध्ये बसवला असेल तर कितीही ट्यूनिंग करा, उपयोग मर्यादितच. आधी सेन्सर जवळ आणा.

लूपकर
शंभर टक्के सहमत. लूप नीट चालत नाही म्हणून ट्यूनिंगला बोलावतात आणि बऱ्याचदा निघतं काय, तर व्हॉल्व्ह अडकतोय किंवा सेन्सर चुकीच्या जागी आहे. म्हणून आधी कंट्रोलर मॅन्युअलवर टाकून आउटपुट थोडं बदला आणि प्रोसेस काय करते ते शांतपणे बघा. १९४२ ची झिगलर-निकोल्सची पद्धत शिकायला चांगली आहे, फक्त पी ठेवून एकसारखे हेलकावे येईपर्यंत गेन वाढवायचा, तो गेन आणि हेलकाव्याचा काळ मोजायचा, मग पीआयडीसाठी त्या गेनच्या ०.६ पट घ्यायचं, इंटिग्रल टाइम हेलकाव्याच्या निम्मा आणि डेरिव्हेटिव्ह टाइम एक अष्टमांश. पण चालू प्लँटवर मुद्दाम हेलकावे आणू नका, आणि आलेले आकडे आक्रमक असतात, ते सुरुवातीचे धरून खाली या.

सर्व्हो_ऑन
रोबोटवाला हजर. एक सांगतो, वरचं सगळं वाचल्यावर रोबोट वेगळं काही राहत नाही. सहा अक्षांचा रोबोट म्हणजे सहा सर्व्हो (फीडबॅकवर नेमकी जागा गाठणाऱ्या मोटर), आणि प्रत्येक सर्व्होत एकात एक तीन लूप. सगळ्यात आत करंटचा, तो सगळ्यात वेगवान, त्याच्याबाहेर स्पीडचा, त्याच्याबाहेर पोझिशनचा. आतला लूप नीट नसेल तर बाहेरचा कधीच नीट होत नाही.

सहाच अक्ष का, तर जागेसाठी तीन लागतात आणि दिशेसाठी तीन. वेल्डिंग टॉर्च कुठल्याही बिंदूवर कुठल्याही कोनात न्यायची तर सहा हवेतच. नुसतं वरून उचलून ठेवायचं असेल तर चार अक्षांचा स्कारा पुरतो आणि त्या कामात तो जास्त चपळ, हिरोशी माकिनो यांनी जपानमध्ये तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी केला.

नवीन लोकांचा घोळ होतो तो रिपीटेबिलिटी आणि अ‍ॅक्युरसीमध्ये. कॅटलॉगमध्ये ±०.०५ मिलिमीटर लिहिलेलं असतं ती रिपीटेबिलिटी, म्हणजे शिकवलेल्या बिंदूवर परत परत किती जवळ येतो ते. पण तुम्ही कॉम्प्युटरवर काढलेला एखादा बिंदू नुसत्या आकड्यांनी दिलात तर तो त्याहून बराच लांब जाऊ शकतो, कारण खऱ्या हाताची लांबी आणि कोन गणितातल्या मॉडेलपेक्षा किंचित वेगळे असतात. म्हणून ऑफलाइन प्रोग्राम केला तरी प्रत्यक्षात टच-अप (बिंदू जागेवर जाऊन दुरुस्त करणं) करावाच लागतो.

कोडलेखक
आणि सिंग्युलॅरिटी? मध्येच रोबोट एरर देऊन थांबतो ती?

सर्व्हो_ऑन
हो. पाचवा अक्ष शून्य अंशाला आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात, मग दोघेही एकच काम करतात आणि एक दिशा हातची जाते. त्या जागेतून सरळ रेषेत जा म्हटलं की गणित चौथ्या अक्षाकडे अफाट वेग मागतं, तो देता येत नाही म्हणून कंट्रोलर थांबवतो. उपाय साधा असतो, टूल थोडं तिरकं बसवा किंवा तेवढा भाग जॉइंट मूव्हने (सरळ रेषेची अट न ठेवता प्रत्येक अक्ष आपापल्या कोनात नेऊन) करा.

नवी_इंजिनिअर
मग धाग्याचा प्रश्न रोबोटला विचारू का? लाइट गेली तर हात खाली पडतो का?

सर्व्हो_ऑन
पडत नाही, आणि कारण वर स्टॉप बटणाचं आहे तेच. मोटरचे ब्रेक स्प्रिंगने लागतात आणि विजेने सुटतात. वीज गेली की ब्रेक लागलेच. ग्रिपरचाही विचार असाच करायचा, हवा गेल्यावर जॉब (हातातली वस्तू) पकडून ठेवेल असा स्प्रिंगवाला घ्या. व्हॅक्यूम कप असतील तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावा, तरी थोड्या वेळाने सुटणार हे धरूनच खालची जागा मोकळी ठेवा.

टीच पेंडंटवरचं (रोबोटला बिंदू शिकवायच्या हातातल्या रिमोटवरचं) एनेबल स्विच तीन पोझिशनचं असतं. सोडलं तर थांबतं आणि घाबरून घट्ट आवळलं तरी थांबतं, मधे हलकं धरलं तरच चालतं. माणूस दचकल्यावर हात सोडेल की मूठ आवळेल हे आधी सांगता येत नाही म्हणून दोन्ही. आणि मॅन्युअल मोडमध्ये कमी वेग, सेकंदाला २५० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, बाजूला व्हायला वेळ मिळावा म्हणून. कोबॉट (माणसाशेजारी काम करायला बनवलेला रोबोट) म्हणजे कुंपण लागत नाही असं सरसकट समजू नका. हाताने जोर लागला की तो थांबेल, पण त्याने धारदार पत्रा धरलेला असेल तर तो पत्रा कोबॉट नाहीये. रिस्क असेसमेंट सगळ्या सेलची करायची असते, नुसत्या हाताची नाही.

पॅनलवाला
यात माझी कळकळीची भर. इमर्जन्सी स्टॉप साध्या पीएलसीच्या इनपुटला देऊन प्रोग्रामवर सोडू नका. दोन चॅनल, दोन्ही एनसी, सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसीतून, आणि रिले दोन्ही चॅनल एकमेकांशी ताडून बघतो, एक कॉन्टॅक्ट चिकटला तरी पकडतो. बटण फिरवून सोडलं की मशीन सुरू होता कामा नये, रिसेट वेगळा आणि स्टार्ट वेगळा. आणि गार्डच्या स्विचला चुंबक चिकटवून बायपास केलेला दिसला तर प्रॉडक्शन कितीही मागे असलं तरी आधी तो काढा. लोक बायपास का करतात तेही विचारा, बहुतेक वेळा मशीनला साफ करायला किंवा अडकलेला जॉब काढायला नीट सोयच दिलेली नसते, ती दिली की बायपास बंद होतो.

कोडलेखक
नेटवर्कवर पण हा प्रश्न लागू होतो का? आता सगळं इथरनेटवर आहे.

लूपकर
लागू होतो, आणि जास्तच. दोन पीएलसी बोलत असतील आणि केबल निघाली तर घेणाऱ्याकडे शेवटची किंमत तशीच पडून राहू शकते, ‘पुढचा कन्व्हेअर चालू आहे’ असा जुना १ बघून मागचा माल ढकलत राहतो. म्हणून हार्टबीट ठेवतात, एक बिट सतत ०-१ बदलत राहायचा, ठरलेल्या वेळात बदलला नाही तर समोरचा गेला असं समजून सुरक्षित बाजूला जायचं. आणि मॉडबस, पीएलसींनी आपसात बोलायची एक पद्धत, १९७९ चा आहे, त्यात पासवर्ड वगैरे काही नाही, नेटवर्कवर आलेला कुणीही रजिस्टर लिहू शकतो. प्लँटचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा.

नवी_इंजिनिअर
दादा, सरावाला काहीतरी द्या ना, सिम्युलेटर आहे माझ्याकडे.

लूपकर
देतो. एक टाकी, एक पंप, खालची आणि वरची लेव्हल स्विच. खालचा सुकला की पंप चालू, वरचा भिजला की बंद. हे दहा मिनिटांत होईल. मग बिघाड घाला. वरचा भिजलेला दाखवतोय आणि खालचा कोरडा, हे पाण्याला शक्य नाही, म्हणजे एक स्विच खोटं बोलतोय, पंप बंद आणि अलार्म. पंपाला आउटपुट दिलं पण कॉन्टॅक्टरचा फीडबॅक दोन सेकंदांत आला नाही, अलार्म. पंप चालूय पण नेहमीच्या भरण्याच्या वेळेच्या दुप्पट झालं तरी वरचा भिजला नाही, एकतर गळती आहे, पंप कोरडा चालतोय, नाहीतर वरचा स्विच गेलाय, पंप बंद. आणि आधी हे ठरवा की वरचा स्विच पाणी लागल्यावर उघडणारा घ्यायचा की मिटणारा, आणि का. लॅडर झाला की इथेच टाका, आम्ही सगळे बघतो.